साडेतीन टनांचं झुंबर, उजेड मात्र तीन-चार एलईडी बल्बांएवढा : राजवाड्यांतली झुंबरं नेमकी कशासाठी होती?

ग्वाल्हेरच्या जयविलास पॅलेसची एक गोष्ट दर दोन-चार महिन्यांनी रील्सवर फिरत असते. गोष्ट अशी की, दरबार हॉलमध्ये झुंबरं टांगायची होती. झुंबरं अवाढव्य. छताला वजन पेलवेल का, याची कोणालाच खात्री नव्हती. मग मातीचा लांबलचक उतार तयार केला, त्यावरून हत्ती छतावर चढवले आणि त्यांना तिथं फिरवलं. छत टिकलं, मग झुंबरं टांगली.

हत्ती किती होते? कोणी आठ सांगतं, कोणी दहा. काही जण तर हत्ती छताला टांगले होते असंही सांगतात. हे ऐकून हत्तींनाही हसू येईल.

गोष्ट खरी की रचलेली, हा वाद बाजूला ठेवू आणि आधी आकडे बघू. जयविलास पॅलेस जयाजीराव शिंदे यांनी १८७४ मध्ये बांधून घेतला. सर मायकेल फिलोज हे त्याचे वास्तुरचनाकार. इंग्लंडचे युवराज भारताच्या दौऱ्यावर येणार होते, त्यांच्या स्वागताची ही तयारी. दरबार हॉलमधल्या दोन झुंबरांपैकी प्रत्येकाचं वजन साधारण साडेतीन टन आणि उंची साडेबारा मीटर सांगितली जाते. म्हणजे उंची चार मजली इमारतीएवढी आणि वजन दोन मोठ्या एसयूव्हींएवढं. प्रत्येकावर अडीचशे दिवे.

मोठा हत्ती तीन ते चार टनांचा असतो. दहा हत्ती म्हणजे तीस-चाळीस टन आणि दोन झुंबरं मिळून सात टन. लागणाऱ्या वजनाच्या पाचपट वजन टाकून बघायचं, ही चाचणी आजच्या इंजिनिअरलाही पटेल. फक्त एक गोम आहे. हत्तीचं वजन चार पायांतून छतावर पसरतं, झुंबराचं सगळं वजन एका आकड्यावर येतं. छत हत्ती पेलेल, पण तो एक आकडा झुंबर पेलेल का, हे हत्ती सांगू शकत नाही.

असो. या गोष्टीत सगळे वजनाबद्दल बोलतात आणि मुख्य प्रश्न मागेच राहतो. साडेतीन टन काच आणि धातू छताला टांगायची गरजच काय होती?

अडीचशे मेणबत्त्यांचा हिशोब

जयविलास पॅलेस उभा राहिला १८७४ मध्ये. एडिसनचा बल्ब आला १८७९ मध्ये. म्हणजे हा दरबार ज्या काळासाठी बांधला, त्या काळात रात्रीचा उजेड म्हणजे ज्योत. मेणाची, तेलाची, फार तर गॅसची.

आता एका मेणबत्तीचा उजेड किती? बल्बच्या खोक्यावर 'ल्युमेन' असा शब्द छापलेला असतो, ते उजेडाचं माप. एक मेणबत्ती साधारण १२ ल्युमेन देते. आपल्या घरात पूर्वी असायचा तो ६० वॉटचा पिवळा बल्ब सुमारे ८०० ल्युमेन द्यायचा. म्हणजे एका साध्या बल्बमध्ये पासष्ट-सत्तर मेणबत्त्या.

समजा, ग्वाल्हेरच्या एका झुंबराच्या सगळ्या अडीचशे जागांवर मेणबत्त्या लावल्या. तर उजेड किती? जेमतेम ३,००० ल्युमेन. आजचे ९ वॉटचे तीन-साडेतीन एलईडी बल्ब. एवढ्या उजेडात आपण वन बीएचकेचा हॉलसुद्धा धड उजळत नाही आणि तिथं अख्खा दरबार भरायचा होता.

बरं, मेणबत्त्या वाढवा म्हणावं, तर दुसरी पंचाईत. मेणबत्तीची बरीचशी ताकद उष्णतेत जाते. एक मेणबत्ती साधारण ८० वॉट उष्णता सोडते. अडीचशे मेणबत्त्या म्हणजे २० हजार वॉट, म्हणजेच हिवाळ्यात लावतात तसे २ हजार वॉटचे दहा हीटर. हे एका झुंबराचं. दोन्ही पेटवली तर वीस हीटर आणि गाव कोणतं, तर ग्वाल्हेर! वर तासाला दीडेक किलो मेण जळणार, त्याची काजळी छतावर बसणार, थेंब पाहुण्यांच्या फेट्यांवर पडणार.

उजेड हवा, पण ज्योती वाढवायच्या नाहीत. अडचण ही होती आणि त्यावर काढलेलं उत्तर म्हणजे झुंबर.

काच उजेड वाढवते का?

नाही. उलट थोडासा खातेच. अडीचशे ज्योतींचा उजेड काचेतून गेल्यावर अडीचशेपेक्षा कमीच होणार. पण डोळ्यांना ते तसं वाटत नाही, आणि सगळी करामत इथंच आहे.

झुंबराला लटकणारे काचेचे तुकडे असतात, त्यांना मराठीत लोलक म्हणतात. प्रत्येक लोलकाला पैलू पाडलेले असतात. ज्योतीचा उजेड लोलकात शिरतो, वाकतो, आतल्या पैलूंवर आपटून परततो आणि भलत्याच दिशेने बाहेर पडतो. पाहणाऱ्याला त्या प्रत्येक पैलूत एक छोटी ज्योत दिसते. लोलक हजारभर असतील आणि प्रत्येकाला वीस-पंचवीस पैलू असतील तर? अडीचशे ज्योतींच्या जागी हजारो ठिणग्या दिसू लागतात. त्यात ज्योत हलते, म्हणून ठिणग्याही हलतात. माणूस दोन पावलं सरकला तरी नव्या ठिणग्या पेटतात आणि जुन्या विझतात. ल्युमेन तेवढेच, पण खोली जिवंत होते.

समोरासमोर मोठे आरसे आणि भिंतींवर सोन्याचा मुलामा का असायचा, तेही यातून कळतं. झुंबरानं विखुरलेला उजेड गडद भिंतींनी गिळला तर उपयोग काय? आरसा तो परत फेकतो, सोनं तो पिवळसर करून परत फेकतो. श्रीमंती मिरवायची होतीच, त्यात शंका नाही. पण झुंबर, आरसे आणि सोनं ही तिन्ही मिळून एकच यंत्रणा होती. आज दरबार हॉलमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात उभं राहिल्यावर ते सोनं भडक वाटतं, कारण ते त्या उजेडासाठी लावलेलंच नव्हतं.

आता, कोणतीही काच हे काम करत नाही. खिडकीची काच उजेड बऱ्यापैकी सरळ जाऊ देते. काचेनं उजेड जास्त वाकवायचा असेल तर ती जड हवी. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं १६७४ मध्ये अशा काचेचं पेटंट घेतलं. पुढे काचेत शिशाचं ऑक्साइड मिसळायची पद्धत पक्की झाली. शिसं घातलेली काच उजेड जास्त वाकवते, त्याचे रंग जास्त वेगळे करते आणि टिचकी मारली की घंटेसारखी वाजते. शिवाय ती साध्या काचेपेक्षा मऊ असते, त्यामुळे फिरत्या चाकावर धरून तिला पैलू पाडणं सोपं जातं. आधी लोखंडी चाक आणि वाळू, मग दगडी चाक, शेवटी लाकडी चाकावर घासून चमक. आज ज्याला 'क्रिस्टल' म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. खरं तर त्यात स्फटिक काहीच नाही, ती काचच. पण नाव भारी आहे, म्हणून टिकलं.

काचेच्या आत दडलेलं लोखंड

झुंबर खालून बघितलं की सगळी काचच दिसते, पण त्यातलं वजन काच उचलत नाही.

मधोमध एक धातूची दांडी असते, छताच्या आकड्यापासून खालच्या टोकापर्यंत. त्या दांडीवर काचेच्या पोकळ नळ्या, वाट्या, गोळे मण्यांसारखे ओवलेले असतात, म्हणून दांडी दिसत नाही. मध्यावर धातूची एक थाळी असते, तिला भोकं पाडलेली असतात. दिवे धरणारे काचेचे बाक असलेले हात त्या भोकांत खोचलेले असतात. आणि लोलक? ते पितळेच्या किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या बारीक तारेच्या कड्यांत अडकवलेले असतात. प्रत्येक लोलकाला दोन-तीन कड्या. म्हणजे हजार लोलकांच्या झुंबरात दोन-तीन हजार कड्या आल्या.

हे मुद्दाम सांगायचं कारण, झुंबर बहुतेकदा काच फुटून मरत नाही. ते मरतं धातूमुळे. कडी गंजते, लोलक सुटतो. दांडीचा पेच सैल होतो, हात कलतो. एक हात कलला की तोल जातो आणि बाकीच्या हातांवर ताण येतो. कोणी तरी गंजलेली पितळी कडी काढून साधी लोखंडी तार बांधतं, ती पहिल्या दोन पावसाळ्यांतच गंजते आणि काचेवर तपकिरी डाग सोडते.

मेणबत्त्यांच्या काळात झुंबर खाली-वर करायची सोय असायची. माळ्यावर रहाट किंवा कप्पी, तिथून खाली आलेला दोर. संध्याकाळी झुंबर खाली आणायचं, मेणबत्त्या लावायच्या, वर चढवायचं. म्हणजे रोज कोणाचा तरी हात झुंबराला लागायचा आणि सैल झालेली कडी तेव्हाच सापडायची. वीज आली, बटण आलं, झुंबर वर गेलं ते वरच राहिलं. मग सैल कडी कोणाला दिसणार?

हंडी आणि पंखा

मराठीत 'झुंबर' बऱ्याचदा एकटं येत नाही. जुन्या वाड्यांच्या वर्णनात येतं ते 'हंड्या-झुंबरं' असं जोडीनं. यातली हंडी वेगळी आणि ती आपल्या हवेतून आलेली आहे.

युरोपातलं झुंबर बंद खिडक्यांच्या खोलीसाठी घडलं. इथं उकाडा. खिडक्या उघड्या, आणि साहेबांच्या बंगल्यांत छताला टांगलेला, बाहेर बसलेल्या माणसानं दोरीनं ओढायचा कापडी पंखा. उघडी मेणबत्ती अशा वाऱ्यात टिकणार कशी? म्हणून ज्योतीभोवती घंटेच्या आकाराची काच आली, ती हंडी. आत बऱ्याचदा मेणबत्तीही नसायची. पेल्यात पाणी, पाण्यावर खोबरेल तेलाचा थर आणि त्यात वात. हंडीच्या वर काचेची आणखी एक छोटी उपडी वाटी लटकवलेली असते. ती शोभेची वाटते, पण तिचं काम काजळी अडवायचं, म्हणजे छत काळं पडत नाही. जुन्या घरात हंडी दिसली तर वर ही वाटी आहे का बघा. नसेल, तर ती कधी तरी फुटली आणि कोणी परत बसवली नाही.

तसं बघायला गेलं तर टांगता दिवा महाराष्ट्राला नवा नव्हताच. साखळीला लटकणारा पितळी लामणदिवा देवघरात होता, उभी समई होती. पण लामणदिवा जागेवर उजेड देतो, तो फेकत नाही. देवासमोर तेवढं पुरतं. दरबाराला आणि मेजवानीला पुरत नाही, म्हणून तिथं काच आली.

बर्मिंगहॅमची कंपनी आणि न उघडलेल्या पेट्या

भारतातल्या राजवाड्यांत इतकी झुंबरं एकदम आली कुठून? याचं मोठं उत्तर एका कंपनीपाशी जातं. तिचं नाव एफ. अँड सी. ओस्लर.

१८०७ मध्ये थॉमस ओस्लर यांनी बर्मिंगहॅममध्ये ही कंपनी काढली. १८३१ मध्ये धंदा मुलांकडे आला, फॉलेट आणि क्लार्कसन. त्यांचीच आद्याक्षरं कंपनीच्या नावात. यातल्या फॉलेट ओस्लरना हवामानाचा नाद होता, वाऱ्याचा वेग आपोआप नोंदवणारं यंत्र त्यांनी बनवलं. दिवे विझवणारा वारा मोजायचा आणि दिवेही विकायचे, असा दुहेरी उद्योग.

त्यांच्या पथ्यावर पडली एक करमाफी. ब्रिटनमध्ये १७४५ पासून काचेवर कर होता आणि तो वजनावर होता. जड शिशाची काच बनवणाऱ्याला हा कर सगळ्यात जास्त टोचणार. १८४५ मध्ये हा कर उठला. काच स्वस्त झाली आणि मोठमोठ्या वस्तू बनवण्याची हिंमत आली. सहा वर्षांनी, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ओस्लरनी काचेचं कारंजं उभं केलं. २७ फूट उंच, चार टन काच. प्रदर्शनाच्या ऐन मधोमध. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर त्याच्यावर पडल्याशिवाय राहायचीच नाही. जाहिरात यापेक्षा वेगळी काय असते? (ते प्रदर्शनगृह, क्रिस्टल पॅलेस, १९३६ मध्ये जळालं. कारंजंही त्यातच गेलं.)

भारताचं गिऱ्हाईक त्यांनी त्याआधीच हेरलं होतं. १८४० च्या दशकातच कलकत्त्यात त्यांची शोरूम होती. आणि १८५७ नंतरचा काळ त्यांच्या फायद्याचा ठरला. संस्थानिकांच्या हातून लढाया गेल्या, फौजा आटल्या, दरबार मात्र राहिला. कोण किती मोठा, हे आता तोफांच्या सलामीवर आणि राजवाड्याच्या थाटावर ठरू लागलं. व्हाइसरॉय येणार, युवराज येणार, की हॉल हवा आणि हॉल म्हटलं की झुंबर आलंच. मग ओस्लर झुंबरावर थांबले नाहीत. काचेच्या खुर्च्या, काचेची टेबलं, काचेचे पलंग, सगळं बनवून पाठवू लागले.

यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट उदयपूरची. महाराणा सज्जनसिंह यांनी १८७७ मध्ये ओस्लरकडे काचेच्या सामानाची मोठी मागणी नोंदवली. खुर्च्या, सोफे, टेबलं, जेवणाची भांडी, अगदी पलंगसुद्धा. सामान यायला वेळ लागला. १८८४ मध्ये महाराणा वारले. वय अवघं पंचवीस. त्यांनी ते सामान पाहिलंच नाही असं सांगतात. पेट्या आल्या आणि तशाच पडून राहिल्या, शंभरहून जास्त वर्षं. आज ते सगळं फतेहप्रकाश पॅलेसच्या क्रिस्टल गॅलरीत मांडलेलं आहे. राजवाड्यातलं काचसामान इतकं सुस्थितीत सहसा मिळत नाही, आणि इथं ते टिकलं कारण ते कोणी वापरलंच नाही.

जाता जाता एक खुलासा. आपल्याकडे कुठल्याही जुन्या झुंबराला 'बेल्जियमचं' म्हणायची पद्धत आहे. बेल्जियममध्ये लिएजजवळ व्हाल सेंट लँबर्ट हा १८२६ पासूनचा नावाजलेला कारखाना आहे, तिथला माल भारतातही आला. पण इंग्लंड, फ्रान्स, बोहेमिया (आजचं चेक प्रजासत्ताक), व्हेनिसजवळचं मुरानो, अशी सगळीकडची झुंबरं इथं आहेत. मुरानोचं लगेच ओळखू येतं. त्यावर पैलूदार लोलकांऐवजी गरम काच ओढून बनवलेली पानं-फुलं असतात. बाकीच्यांत फरक करायला जाणकार लागतो. तेव्हा गाईडनं 'बेल्जियम' म्हटलं की मान डोलवावी आणि पुढे जावं.

बल्ब आला आणि झुंबर शोभेचं झालं

वीज आल्यावर झुंबराचं काम एका झटक्यात संपलं. चार बल्ब अडीचशे मेणबत्त्यांना भारी पडत असतील, तर ठिणग्या मोजायच्या कशाला? पण झुंबर कोणी उतरवलं नाही. मेणबत्तीच्या वाटीत बल्बचा होल्डर बसला आणि तेच झुंबर पुढे चालू राहिलं.

इथं एक तांत्रिक भानगड झाली, तिचे परिणाम अजून दिसतात. मुरानोच्या झुंबराचे हात पोकळ असतात, वायर आतून जाते. इंग्रजी झुंबराचे हात बऱ्याचदा भरीव काचेचे असतात. वायर जाणार कुठून? मग ती हाताला बाहेरून गुंडाळली. काही ठिकाणी काचेला भोकं पाडली, आणि भोक पाडलेली काच तिथूनच तडकते. जुन्या वायरींचं वेष्टण उष्णतेनं कडक होऊन झडतं, धातूची दांडी मधोमध आहेच. शंभर वर्षं जुन्या हॉलमध्ये, लाकडी छताखाली अशी वायर असणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा बदल डोळ्यांना कळतो. झुंबराला लागते ती ठिणगी, म्हणजे उजेडाचा बारीक ठिपका. ज्योत ठिपकाच आहे. पारदर्शक काचेचा जुना बल्बही ठीक, त्यातली तार बारीक असते. पण दुधी बल्ब, सीएफएल किंवा पांढरा एलईडी लावला की उजेड मोठ्या पृष्ठभागावरून येतो. मग लोलकांत ठिणग्यांऐवजी पसरट पांढरे डाग दिसतात. अनेक राजवाड्यांत आणि हॉटेलांत झुंबर मेल्यासारखं दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. काच जुनी झाली म्हणून नाही, बल्ब चुकीचा लावलाय म्हणून. तुमच्या घरच्या छोट्या झुंबरालाही हे लागू पडतं : पारदर्शक काचेचा, आत बारीक तारेसारखी एलईडी असलेला, पिवळसर उजेडाचा बल्ब घ्या आणि फरक बघा.

घर गेलं की झुंबराचं काय होतं?

सत्यजित राय यांच्या 'जलसाघर' या १९५८ च्या सिनेमात एक बुडालेला जमीनदार आहे. तिजोरी रिकामी झालेली, जमीन नदीनं गिळलेली, पण मैफलीचं झुंबर तो सोडत नाही. शेवटी त्याच्या मेणबत्त्या एकेक करून विझत जातात. हा सिनेमा आला तेव्हा बंगालमधली जमीनदारी कायद्यानं नुकतीच संपली होती. १९७१ मध्ये २६ वी घटनादुरुस्ती झाली आणि संस्थानिकांचे तनखेही बंद झाले.

तनखे का बंद झाले आणि ते बरोबर होतं का, हा वेगळा विषय. (बरोबरच होतं, असं म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. हे सगळे लोलक शेवटी रयतेच्या साऱ्यातून आलेले.) पण झुंबरासाठी त्याचा अर्थ सरळ होता : ते उतरवून पुसायला जी माणसं ठेवलेली होती, ती गेली.

कारण झुंबर पुसणं म्हणजे फडकं मारणं नव्हे. आधी फोटो काढायचे. मग हात, नळ्या, लोलक यांना क्रमानं नंबर द्यायचे. कड्या सोडवायच्या, प्रत्येक तुकडा सुती हातमोजे घालून वेगळा पुसायचा, गंजलेल्या कड्या बदलायच्या आणि नंबराबरहुकूम सगळं परत चढवायचं, तेही तोल सांभाळत, समोरासमोरचे हात जोडीनं बसवत. मोठ्या झुंबराला यात कित्येक दिवस जातात. नंबर न देता एकदा सुटं केलेलं झुंबर म्हणजे चित्र नसलेलं जिगसॉ पझल.

आणि अशी सुटी झुंबरं खूप आहेत. वारसांत वाटणी होते, हॉल एकाचा, माळा दुसऱ्याचा. छत गळतं म्हणून झुंबर उतरवतात, पोत्यांत भरतात, आणि ती पोती बाजारात येतात. मुंबईच्या चोर बाजारात आजही हंड्या आणि झुंबरांचे हात मिळतात. तिथं एका झुंबराची दांडी, दुसऱ्याचे हात आणि तिसरीकडचे, कदाचित फिरोजाबादला नव्यानं बनवलेले लोलक जोडून 'राजवाड्यातलं' झुंबर तयार होऊ शकतं. दिसायला ते वाईट नसतं. पण मूळची तीन झुंबरं त्यात कायमची संपलेली असतात.

कायदा आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. पण अख्खं झुंबर अडवणं सोपं. पिशवीतले दोनशे लोलक शंभर वर्षांपूर्वीचे आहेत, हे कोणी आणि कसं ठरवायचं?

उलट दिशेनं गेलेलीही उदाहरणं आहेत. हैदराबादचा चौमहल्ला पॅलेस हे निजामांच्या दरबाराचं ठिकाण. मधली कित्येक वर्षं तो कुलूपबंद होता आणि पडत चालला होता. प्रिन्सेस एसरा यांनी पुढाकार घेतला, मुंबईचे आर्किटेक्ट राहुल मेहरोत्रा यांनी काम पाहिलं आणि २००५ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. तिथल्या खिलवत मुबारक या दरबार हॉलमध्ये क्रिस्टलची १९ झुंबरं आहेत आणि ती नव्यानं परत टांगलेली आहेत. २०१० मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. ग्वाल्हेरच्या जयविलासमध्ये १९६४ पासून संग्रहालय आहे, म्हणजे तिकिटाच्या पैशातून देखभालीला हातभार लागतो.

गोव्यात चांदोर गावातलं ब्रागांझा घर वेगळ्या जातीचं. ते राजाचं नाही, सरकारीही नाही. एकाच लांबलचक घराचे दोन भाग, दोन शाखांकडे. एका दिवाणखान्यात नृत्यासाठी मोठी खोली आहे, संगमरवरी फरशी आहे आणि वर झुंबरं. १९६१ नंतर गोव्यात कूळ कायदे आले, शेतीचं उत्पन्न आटलं, घर मात्र तेवढंच राहिलं. घरातलीच माणसं पाहुण्यांना आत घेतात, खोल्या दाखवतात, आणि निघताना तुम्ही जे पैसे ठेवता ते कौलांना, रंगाला आणि झुंबरांना जातात. पावसाळ्यात गोव्याच्या हवेत पितळेची कडी किती टिकते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? तिथं गेलात तर देणगीच्या पेटीशी घासाघीस करू नका.